हुकूमनामा हाती आला, पैसे कधी?

एका वाचक भगिनींचं पत्र:

"माझं वय 67. मिस्टरांच्या पश्चात सांगलीला विश्रामबागेतल्या घरात वर मी राहते आणि खालच्या दोन खोल्या भाड्याने देते. कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर असलेल्या एका गृहस्थांना अकरा महिन्यांच्या करारावर, महिना 8,500 रुपयांनी जागा दिली होती. त्यांचा कारखाना बंद पडला आणि भाडं थांबलं. चौदा महिने थकले, वर लाईट बिल 11,000. मी दावा लावला, तेव्हा त्यांनी जागा सोडली. डिपॉझिटचे 25,000 वजा जाता 1,05,000 रुपये, दावा दाखल केल्या तारखेपासून 6 टक्के व्याज आणि खर्च, असा निकाल माझ्या बाजूने लागला. त्याला दीड वर्ष झालं, एक रुपया आलेला नाही. ते आता कोल्हापूरजवळ गांधीनगरला कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात, पगार तेरा हजार म्हणतात. घरी बायको आणि दोन शिकणारी मुलं. जत तालुक्यात गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन असल्याचं बोलायचे. वकील म्हणतात, 'अटक वॉरंट काढू, पैसे आपोआप येतील, फी 25,000.' पुतण्या म्हणतो, 'दोन पोरं पाठवतो.' मुलगा म्हणतो, 'आई, सोडून दे.' मला रात्री झोप लागत नाही. माझं औषधपाणी त्या भाड्यावर चालतं. मी काय करू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

पैसे मागताना तुम्हाला अपराध्यासारखं वाटतंय, हे पत्रात जागोजागी दिसतं. तसं वाटून घेऊ नका. चौदा महिने तो माणूस तुमच्या छपराखाली राहिला, त्या काळात तुमच्या गोळ्या थांबल्या नव्हत्या की घरपट्टी थांबली नव्हती. हक्काचं मागणं म्हणजे कठोरपणा नव्हे.

तिघांनी तुम्हाला तीन सल्ले दिले, पण त्या माणसाकडे आज नक्की काय आहे, हे तिघांपैकी कोणीच पाहिलेलं नाही. तो देऊ शकत नाही, की देत नाही? हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. मी तीस वर्षं दिवाणी कोर्टात दरखास्ती, म्हणजे निकालाप्रमाणे वसुली करून मागणारे अर्ज, चालवल्या. बुडालेले पैसे पाहिले, त्यातले बरेचसे चुकीच्या वाटेवर आधी खर्च केल्यामुळे बुडालेले होते.

दावा जिंकल्यावर पैसे घरी चालत येतात, असं आपल्याला वाटतं. त्या काळचं सर्वांत वरचं अपील कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्येच लिहून ठेवलं होतं की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाच्या निकालाचा आदेश, मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षांनीही कोर्टाच्या आवारात तेच ऐकू येतं. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावलंय, ते मनात ठेवा. पण तारखा पडतील, त्याचीही तयारी ठेवा.

पुतण्याचं आधी, कारण ते एका वाक्यात संपतं. कोणालाही पाठवू नका. दुकानावर जाऊन मालकासमोर पाणउतारा नको, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणं नको. आज तुम्ही फिर्यादी आहात आणि कागद तुमच्या बाजूने आहे. दोन पोरांनी एक धमकी दिली की उद्या त्याची तक्रार आणि तुमचा जबाब.

आता वॉरंट. पैशाच्या हुकूमनाम्यात दिवाणी कैद आहे, हे खरं. रक्कम 5,000 रुपयांच्या वर असेल तर जास्तीत जास्त तीन महिने. पण कायदा सरळ बेडी घालत नाही. आधी नोटीस जाते, 'तुला कैद का करू नये' ते सांगायची संधी मिळते, आणि ऐपत असून तो देत नाही किंवा मालमत्ता लपवतोय, याची कोर्टाला कारणं लिहून खात्री नोंदवावी लागते. 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्णा अय्यर यांनी स्पष्ट सांगितलं की निव्वळ गरिबीमुळे कर्ज फेडता आलं नाही म्हणून माणसाला तुरुंगात घालता येत नाही. शिवाय कैदेतल्या माणसाच्या जेवणाखाण्याचा भत्ता तुम्हीच आधी कोर्टात भरायचा. आणि तो कैद भोगून सुटला तर रक्कम तशीच अंगावर राहते, पण त्याच हुकूमनाम्यात त्याला पुन्हा अटक होत नाही. म्हणजे 25,000 फी, वर भत्ता, त्याची नोकरी गेली, आणि येणारे तेरा हजारही बंद. ज्या झाडाची फळं हवीत त्याच्या मुळावर घाव घालू नका. वॉरंट हे हत्यार आहे, पण ते खोटं बोलणाऱ्यासाठी राखून ठेवा. त्याबद्दल पुढे सांगतो.

घरातल्या सामानाची जप्तीही सुचवली जाईल. एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. नव्याने वकिली सुरू केलेली असताना मी बेलिफाबरोबर, म्हणजे जप्ती करणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याबरोबर, एका भाड्याच्या खोलीत गेलो होतो. पंच बाहेर चपला काढून उभे. कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र धर्माच्या रूढीने उतरवायचं नसतं, तेही नाही. तिचं शिलाई मशीन तिच्या नावाचं, तिच्यावर हुकूमनामाच नाही. स्कूटरवर फायनान्सचा बोजा. राहिला एक जुना टीव्ही आणि दार नीट न लागणारा फ्रीज. बेलिफ पंचनामा लिहीत होता, आणि त्या घरातली मुलगी फ्रीजमधला दुधाचा टोप काढून कुठे ठेवावा म्हणून आईकडे बघत होती. लिलावात आलेली रक्कम टेम्पोभाड्याला जेमतेम पुरली. माझ्या अशिलाला काहीच मिळालं नाही. त्यानंतर अशा घरात जप्ती नेण्याचा सल्ला मी कोणाला दिला नाही.

पगाराकडे वळू. इथे आकडे नीट समजून घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीतून मोकळा. तेरा हजारांतून हजार गेले, बारा उरले. त्यातले आठ मोकळे. जप्त होऊ शकतात महिना 4,000. पण एका हुकूमनाम्यात एकूण चोवीस महिने जप्ती चालली की पुढे त्याचा पगार त्या हुकूमनाम्यापुरता कायमचा सुटतो. चोवीस चोक शहाण्णव, म्हणजे 96,000. मुद्दलसुद्धा पुरं होत नाही, आणि व्याज वर्षाला 6,300, महिन्याला 525 चढतंच आहे.

आणखी एक पेच आहे. मजुराची मजुरी पूर्णपणे जप्तीबाहेर आहे, मग तो कुशल असो की अकुशल. तेव्हा ते दुकानात खरंच हिशेब लिहितात की गठ्ठे उचलतात, यावर बरंच अवलंबून. पगार बँकेत जमा होतो की हातात रोख मिळतो, हेही बघा. कोर्टाचा आदेश गेल्यावर मालकाला पगारातून रक्कम कापून कोर्टात भरावी लागते, आणि आदेश असूनही त्याने पूर्ण पगार दिला तर तेवढ्या रकमेला मालक जबाबदार. कागदावर हे भक्कम आहे. पण लहान दुकानदार कोर्टाचं पाकीट हातात पडलं की घाबरतो, आणि 'तुझं तू बघ' म्हणून कारकुनालाच घरी बसवतो. म्हणून पगारजप्ती हा शेवटून दुसरा उपाय. जुन्या कारखान्याच्या पीएफवरही नजर ठेवू नका, तो जप्त होत नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही ओझरती लिहून गेलात: जत तालुक्यातली कोरडवाहू जमीन. सातबारा आता ऑनलाइन बघता येतो. गावाचं नाव आणि आडनाव घालून उतारा काढा. त्यात तीन गोष्टी बघा. त्यांचं स्वतःचं नाव लागलंय का, की अजून वडिलांच्याच नावावर आहे? भाऊ-बहिणी सहहिस्सेदार किती? आणि 'इतर हक्क' या रकान्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा किती? वडील हयात असून जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असेल तर मुलाचा त्यात आज काही हक्क नाही, तो रस्ता बंद. पण वारसाने यांचं नाव लागलेलं असेल, तर त्यांच्या हिश्श्यापुरती जप्ती मागता येते. शेतकऱ्याचं राहतं घर मात्र सुटतं.

ही जप्ती लिलावासाठी मागा असं मी म्हणत नाही. कोरडवाहू जमिनीतला अविभक्त हिस्सा विकत घ्यायला कोण येणार? पण जप्तीचा आदेश झाला की त्या हिश्श्याची परस्पर विक्री तुमच्याविरुद्ध टिकत नाही, आणि सातबाऱ्यावर नोंद आली की भाऊ विचारायला लागतात. गावाकडे चार माणसांत हा विषय निघाला की बरेचदा भाऊच म्हणतो, 'मिटव एकदाचं, पन्नास मी देतो.' असं घडलेलं मी पाहिलंय. ही जप्ती तारण म्हणून ठेवायची आणि वसुली हप्त्यांनी करायची.

म्हणजे करायचं काय? आधी नक्कल विभागात अर्ज करून हुकूमनाम्याची खरी नक्कल घ्या. त्याच आठवड्यात त्या गृहस्थांना स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पत्र पाठवा. वकिलाची नोटीस नको, तुमचं स्वतःचं. असं काहीतरी:

"कोर्टाचा हुकूमनामा माझ्याकडे आहे आणि तो बारा वर्षं चालतो, हे तुम्हाला माहीत असेल. कारखाना बंद पडल्यापासून तुमची ओढाताण झाली, हे मला दिसत होतं. माझंही घर त्या भाड्यावर चालतं. दरमहा 10 तारखेच्या आत 3,000 रुपये असे 35 हप्ते तुम्ही नियमित भरलेत तर व्याज सोडायला मी तयार आहे. हे आपण कोर्टात लिहून घेऊ. पंधरा दिवसांत कळवा."

3,000 गुणिले 35 म्हणजे बरोबर 1,05,000. पगारजप्तीच्या 4,000 पेक्षा हप्ता कमी वाटेल, पण तो पाळता येईल असा आहे, नोकरी टिकते, आणि चोवीस महिन्यांची मर्यादा त्याला लागत नाही. 5,000 मागाल तर पहिले दोन येतील आणि तिसऱ्या महिन्यात फोन बंद होईल. तेरा हजारांत चौघांचं घर, त्यात खोलीभाडं आणि मुलांची फी. त्यातून तीन हजार काढणंही त्यांना जड जाणार आहे, हे लक्षात ठेवूनच मी आकडा सांगतोय. कोरे चेक घेऊन ठेवू नका. ते न वटल्यास दुसरा खटला तयार होतो, पैसे होत नाहीत.

पत्राला उत्तर आलं तरी आणि नाही आलं तरी, दरखास्त दाखल करा. हुकूमनाम्याला दोन वर्षं व्हायच्या आत केलीत तर सुरुवातीच्या नोटिशीचा एक टप्पा वाचतो, म्हणून ह्या सहा महिन्यांतच करा. पण सांगलीचं कोर्ट आपल्या हद्दीबाहेर जप्ती करू शकत नाही, हे ध्यानात घ्या. पगार गांधीनगरला, म्हणजे हुकूमनामा कोल्हापूरच्या कोर्टाकडे वर्ग करून मागावा लागेल. जमीन जतला, तर जतच्या कोर्टाकडे. वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा, वर्ग करायचा अर्ज कुठे आणि कधी करणार? कित्येक दरखास्ती इथेच वर्षभर पडून राहतात.

दरखास्तीत पहिली मागणी वॉरंटची नको, मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्राची करा. दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर 21, नियम 41. हुकूमनामा तीस दिवस फेडला नसेल तर कोर्ट त्यांना सांगू शकतं की तुझ्याकडे काय काय आहे ते शपथेवर लिहून दे. बँक खाती, पगार, गाडी, जमिनीतला हिस्सा, भिशी, लोकांकडून येणं असलेले पैसे, सगळं. ते दिलं नाही तर त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या झोपेचा प्रश्न इथे सुटेल, कारण 'देऊ शकत नाही' की 'देत नाही' याचं उत्तर त्यांच्याच सहीने तुमच्या हातात येईल. आणि त्यात जतची जमीन लपवलेली निघाली, तर मघाशी राखून ठेवलेलं हत्यार बाहेर काढा. तेव्हा वॉरंटच्या अर्जात दम असेल, कारण लबाडीचा पुरावा असेल.

फीबद्दल. 25,000 देऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. आधार कार्ड आणि हुकूमनाम्याची नक्कल घेऊन जा. 'मोफतचा वकील काय करणार' असं कोणी म्हणेल, त्याकडे दुर्लक्ष करा. तुमच्या कामात मोठ्या वादविवादापेक्षा वेळेवर अर्ज लागणं महत्त्वाचं आहे.

ते हप्त्याला तयार झाले तर प्रकरण लोकअदालतीत ठेवायला सांगा. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. तडजोडीत हे शब्द हवेतच: लागोपाठ दोन हप्ते चुकले तर व्याजाची सूट रद्द, आणि उरलेली सगळी रक्कम मूळ हुकूमनाम्याप्रमाणे एकदम देय. आणि जमिनीवर जप्ती झालेली असेल तर दरखास्त निकाली काढताना 'जप्ती कायम' असं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, लिहून घ्या. कोर्टाने ते लिहायचं राहून गेलं, तर कायद्याने जप्ती उठली असं धरलं जातं. हा एक शब्द विसरल्यामुळे दोन वर्षांची मेहनत गेलेली मी पाहिली आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

हप्ता रोख घेऊ नका. बँकेत किंवा यूपीआयने घ्या, आणि दर तीन-चार महिन्यांनी कोर्टात पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन वसुलीची नोंद करा. कोर्टाबाहेर दिलेली आणि न नोंदवलेली रक्कम दरखास्तीचं कोर्ट धरत नाही. हे त्यांच्या फायद्याचं आहे, आणि तुम्हीच त्यांना सांगा. आपले पैसे जमेला धरले जातायत हे दिसलं की माणूस पुढचा हप्ता भरतो. वहीत दोघांच्या सह्या ठेवल्यात तर आणखी उत्तम.

राहता राहिला तुमचा मुलगा. तो तुमच्या तब्येतीपोटी बोलतोय, त्याच्यावर रागावू नका. पण सोडून देण्याची घाई कशाला? दरखास्तीची मुदत हुकूमनाम्यापासून बारा वर्षं आहे. या काळात त्यांचा पगार वाढू शकतो, मुलं कमावती होऊ शकतात, जमिनीची वाटणी होऊ शकते. प्रतिज्ञापत्र वाचल्यावर जमीन नाही, गाडी नाही, खात्यात चारशे रुपये, असं खरंच निघालं तर हप्ता दोन हजारांवर आणा, किंवा त्यांनी साठ-सत्तर हजार एकरकमी जमवले तर तेवढ्यावर मिटवा. तेवढी मोकळीक फक्त तुमची आहे. वकिलाची नाही, मुलाचीही नाही. मात्र जे सोडाल ते लिहून सोडा.

खालच्या खोल्या पुन्हा दिल्या आहेत का, ते पत्रात नाही. द्याल तेव्हा करार नोंदवूनच द्या, डिपॉझिट निदान तीन-चार महिन्यांच्या भाड्याएवढं घ्या, लाईटचं मीटर दरमहा बघा, आणि दुसरा महिना थकला की त्याच आठवड्यात लेखी मागणी करा. चौदा महिने तुम्ही भिडेखातर थांबलात. दोन महिन्यांवर बोलला असतात तर थकबाकी 17,000 असती, आणि डिपॉझिटात भागली असती.

सोमवारी सातबारा काढा आणि नक्कलेचा अर्ज द्या. जतच्या उताऱ्यावर कोणाचं नाव निघतं ते मला कळवा, म्हणजे जप्तीची मागणी कुठल्या कोर्टात करायची ते नेमकं सांगता येईल.